‘दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाता येईल’ असं पील निवडताना या चुका टाळा

लग्नसराई जवळ आली की त्वचेच्या डॉक्टरांकडे एक ठरलेली मागणी येते: चेहरा उजळायला हवा, पिंपल्सचे डाग जायला हवेत, पण सुट्टी नाही, त्यामुळे सालं निघणारं काही नको. मागणी रास्त आहे. वरवरची केमिकल पील्स, म्हणजे चेहऱ्यावर ॲसिड लावून वरची त्वचा सोलून काढण्याचे उपचार, असतातच तशी. त्यांचं काम त्वचेच्या सगळ्यात बाहेरच्या थरात चालतं आणि चेहरा एक ते पाच दिवसांत पूर्ववत होतो. घोळ होतो तो ‘सावरायला लागणारा वेळ’ मोजताना. आपण सालं निघण्याचे दिवस मोजतो. गव्हाळ किंवा सावळ्या त्वचेत खरा प्रश्न असतो मागे राहणाऱ्या काळ्या डागांचा. सालं आठवड्यात जातात, डागाला मात्र कित्येक महिने लागू शकतात. त्यामुळे पील निवडताना ‘सालं निघतील का’ याच्या आधी ‘माझ्या त्वचेवर डाग उठण्याची शक्यता किती’ हे विचारायला हवं. पुढच्या बहुतेक चुका हा प्रश्न न विचारल्यामुळेच होतात.

टक्के बघून पील ठरवणं

‘मैत्रिणीनं ३० टक्क्यांचं केलं, मलाही तेच द्या.’ पण टक्क्यांवरून फारसं कळत नाही. ग्लायकोलिक ॲसिडचा जोर त्याच्या पीएचवरही, म्हणजे आम्लपणा दाखवणाऱ्या आकड्यावरही ठरतो. पीएच ३.८च्या आसपास असेल तर निम्मंच ॲसिड मोकळं, म्हणजे काम करणारं असतं. पीएच जसजसा उतरतो तसतसं ते जास्त चावतं. म्हणून एका कंपनीचं ३५ टक्के सौम्य निघतं आणि दुसऱ्या कंपनीचं तेवढंच चेहरा लाल करून सोडतं. त्यात किती मिनिटं ठेवलं, किती थर दिले, आधी चेहऱ्यावरचं तेल स्पिरिट किंवा ॲसिटोननं किती कसून पुसलं, या सगळ्याचा हिशेब धरावा लागतो.

रेणूचा आकारही महत्त्वाचा. ग्लायकोलिकचा रेणू अल्फा हायड्रॉक्सी ॲसिडांच्या कुटुंबात सगळ्यात लहान, त्यामुळे तो भरकन आत शिरतो आणि कधीकधी एकसारखा शिरत नाही. लॅक्टिकचा थोडा मोठा. मँडेलिकचा ग्लायकोलिकच्या जवळपास दुप्पट, म्हणून तो सावकाश उतरतो. पहिल्यांदाच पील करणाऱ्या सावळ्या, नाजूक त्वचेसाठी बरेच डॉक्टर मँडेलिक किंवा लॅक्टिकपासून सुरुवात करतात ती यामुळेच. तेलकट, पिंपल्सवाल्या चेहऱ्याला २० ते ३० टक्के सॅलिसिलिक मानवतं, कारण ते तेलात विरघळतं आणि रंध्रांत उतरतं. मात्र ॲस्पिरिनची ॲलर्जी असेल किंवा दिवस गेलेले असतील तर सॅलिसिलिक नको.

टीसीए (ट्रायक्लोरोॲसेटिक ॲसिड) कमी टक्क्यांत वरवरचं असतं, पण ३५ टक्क्यांना ते मधल्या थरापर्यंत जातं आणि मग आठवडा-दहा दिवस घरी बसावं लागतं. फिनॉलचं नावच काढू नका. ते खोलवर जातं, हृदयाचे ठोके बिघडवू शकतं आणि आपल्या रंगाच्या त्वचेला सहसा सुचवलं जात नाही.

(लॅक्टिक ॲसिड दह्यात असतं आणि ग्लायकोलिक उसात, म्हणून घरी दही-लिंबू चोळणं म्हणजे पील नव्हे. लिंबाचा रस लावून उन्हात गेलात तर उलट डाग पडू शकतात.)

‘अजिबात जळजळ नाही’ म्हणजे ‘सालं नाहीत’ असं धरून चालणं

यात सगळ्यात जास्त फसवणूक होते ती पिवळ्या पीलची, म्हणजे रेटिनॉल पीलची. क्लिनिकमध्ये पिवळसर क्रीम लावतात, फारसं काही जाणवत नाही, काही तास ठेवून घरी धुवायला सांगतात. माणूस खुशीत घरी जातो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मात्र हनुवटीपासून सालं सुटायला लागतात आणि चार-पाच दिवस चालतात. जेस्नर पील (सॅलिसिलिक, लॅक्टिक आणि रिसॉर्सिनॉलचं मिश्रण) लावताना झोंबतं, पण त्याचीही सालं उशिराच निघतात. उलट ग्लायकोलिक लावताना मुंग्या चावल्यासारखं होतं, नंतर बहुतेकांना कोंड्यासारखे बारीक पापुद्रे सुटतात किंवा काहीच सुटत नाही. तेव्हा खुर्चीत किती झोंबलं यावरून पुढचा आठवडा कसा जाईल हे ठरवू नका. सरळ विचारा: सालं कोणत्या दिवशी सुरू होतात आणि कधी थांबतात?

तारखांचं गणित चुकवणं

आयुष्यातलं पहिलं पील लग्नाच्या आठवड्यात करणं हा शुद्ध जुगार आहे. त्वचा कशी वागेल हे पहिल्या सिटिंगशिवाय कळत नाही. वरवरच्या पीलचा परिणाम एका सिटिंगमध्ये दिसेल ही अपेक्षाही चुकीची. साधारण चार ते सहा सिटिंग्ज लागतात आणि दोन सिटिंग्जमध्ये दोन ते चार आठवड्यांचं अंतर ठेवावं लागतं. शिवाय आधीचे दोन ते चार आठवडे त्वचेची तयारी: सनस्क्रीन आणि डॉक्टरांनी दिलेलं क्रीम. म्हणजे तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त असेल तर विचार पावसाळ्यातच सुरू करायला हवा. शेवटचं सिटिंग कार्याच्या किमान दोन-तीन आठवडे आधी उरकावं.

हळद हा वेगळाच विषय. पील ताजं असताना जमलेल्या मावश्या-काकवांनी हौसेनं चेहऱ्यावर हळद चोळली की त्या कोवळ्या त्वचेवर भरड घासणी होते. त्यांना आधीच सांगून ठेवा: कपाळाला बोट लावा, बाकीची हातापायांना. दिवाळीच्या अभ्यंगातलं उटणंही तेवढ्यापुरतं चेहऱ्याला नको. पीलच्या आधी आणि नंतर आठवडाभर ब्लीच, वॅक्सिंग, थ्रेडिंग, स्क्रब बंद. पार्लरची ताई ‘हलकंच करते’ म्हणाली तरी बंद.

आपण काय लावतो ते न सांगणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. वांगासाठी मेडिकलमधून स्वतःच आणलेलं क्रीम वर्षानुवर्षं लावणारे घरोघरी आहेत. त्यातल्या कित्येक ट्यूबमध्ये हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन हे स्टेरॉइड एकत्र असतं. स्टेरॉइडनं त्वचा पातळ होते. अशा त्वचेवर ‘वरवरचं’ पीलही खोल जातं आणि लाली, जळजळ, डाग सगळं एकदम येतं. चेहरा आरशासमोर नीट बघा. बारीक लाल रक्तवाहिन्या दिसतात का? क्रीम दोन दिवस बंद केलं की चेहरा पेटतो का? तसं असेल तर पील लांबणीवर टाकून आधी त्याचे उपचार करावे लागतात. डॉक्टरांकडे जाताना ट्यूबा पिशवीत घालून घेऊन जा, नावं आठवत बसू नका.

अडापलीन किंवा ट्रेटिनॉइनचं क्रीम लावत असाल तर पीलच्या काही दिवस आधी थांबवायला सांगतात. पिंपल्ससाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील किंवा नुकत्याच संपल्या असतील तर तेही सांगा. ओठावर वारंवार ‘जर’, म्हणजे हर्पिसचे फोड येत असतील, तर त्याची गोळी आधी सुरू करायची का हे विचारून घ्या.

स्कार्फवर विसंबणं

पुण्यात टू-व्हीलरवर चेहरा गुंडाळून जाणाऱ्या मुलींना वाटतं, ऊन लागत नाही मग सनस्क्रीन कशाला? पातळ सुती कापडातून ऊन आत येतं. वर घाम आणि कापडाची घासणी. पीलनंतर मऊ, स्वच्छ स्कार्फ बांधा, पण खाली एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्त सनस्क्रीन हवंच आणि दुपारी पुन्हा लावायचं. वांग असेल तर रंगीत, म्हणजे आयर्न ऑक्साइड असलेलं सनस्क्रीन घ्या. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशानंही वांगाचे डाग गडद होतात आणि साधं सनस्क्रीन तो अडवत नाही. पहिले तीन-चार दिवस जिम आणि वाफ घेणं टाळा.

बाटली मागवून घरी करणं

ऑनलाइन मिळणाऱ्या जास्त टक्क्यांच्या बाटल्यांबद्दल अमेरिकेच्या एफडीएनं जुलै २०२४ मध्ये इशारा दिला होता: तज्ज्ञांच्या देखरेखीशिवाय अशी पील्स विकत घेऊ नका, वापरू नका. कारण साधं आहे. क्लिनिकमध्ये डोळ्यांचे कोपरे, नाकाच्या कडा आणि ओठांवर आधी व्हॅसलीन लावतात, घड्याळ लावून कोणीतरी सतत चेहऱ्याकडे बघत असतं आणि ग्लायकोलिक वेळेत निष्प्रभ करायचं द्रावण हाताशी असतं. घरी आपण मोबाइल बघत बसतो.

काही बिघडलं तर

लावताना सगळीकडे सारखी चुणचुण होणं ठीक आहे. एकाच जागी आग व्हायला लागली तर भिडस्तपणा सोडून तिथल्या तिथे सांगा. ग्लायकोलिकनं एखादा भाग पांढरट-करडा दिसायला लागला तर ते लगेच थांबवायचं असतं. सॅलिसिलिक वाळल्यावर मात्र चेहऱ्यावर पांढरी भुकटी दिसते. ते ॲसिडचे स्फटिक असतात, घाबरायचं कारण नाही.

दुसऱ्या दिवशी काहीच झालं नाही? छान. पैसे वाया गेले असं समजून ‘पुढच्या वेळी जास्त स्ट्राँग द्या’ म्हणू नका.

पापुद्रे सुटले तर ओढू नका. अर्धवट चिकटलेला तुकडा ओढला की त्या जागी डाग ठरलेलाच. लोंबणारा तुकडा छोट्या कात्रीनं कापा, साधं मॉइश्चरायझर लावा. सॅलिसिलिकनंतर चार-दोन पिंपल्स वर येतात, ते बसतात.

दोन-तीन दिवस त्वचा तपकिरी, ताणल्यासारखी वाटली तर ती सालांबरोबर जाते. पण आठवडा-दोन आठवड्यांनी नवे काळपट ठिपके दिसायला लागले तर पुढचं सिटिंग थांबवून डॉक्टरांना दाखवा. त्यावर दुसरं पील हा उपाय नाही. ओठाजवळ दुखरे, पुंजक्यानं आलेले फोड, पिवळी खपली, पू, किंवा तिसऱ्या दिवसानंतर वाढत जाणारी लाली दिसली तर त्याच दिवशी जायचं. आणि पिंपल्सचे खड्डे भरून निघतील या आशेनं वरवरचं पील करत असाल तर ते होणार नाही, त्याला वेगळे उपचार लागतात.

पील करणाऱ्याकडे त्वचारोगाची एमडी पदवी किंवा डीडीव्हीएल ही पदविका आहे का आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक आहे का, एवढं बघायला संकोच नको. प्रत्येक सिटिंगनंतर कार्डावर पीलचं नाव, टक्के, किती मिनिटं ठेवलं आणि किती थर दिले हे लिहून घ्या. उद्या डॉक्टर बदलावा लागला किंवा गाव बदललं, तर पुढचा माणूस कुठून सुरुवात करायची हे त्या चार ओळींवरूनच ठरवणार आहे.