पावसाळ्यात म्हशीची कास: धार काढल्यानंतरचा अर्धा तास सांभाळा

दिवस लहान होत जातात तेव्हा म्हशी माजावर येतात आणि दहा महिने व वर काही दिवसांनी वितात. हिशोब केला तर बऱ्याच म्हशींचं विणं पावसाळ्याच्या उत्तरार्धात येऊन पडतं. म्हणजे कास जेव्हा सगळ्यात नाजूक असते, नेमका तेव्हाच गोठ्यात चिखल, माश्या आणि ओल असते. कासदाह, ज्याला आपण दगडी म्हणतो, तो याच दिवसांत का वाढतो याचं अर्धं उत्तर इथेच आहे.

‘म्हशीला दगडी कमी होते’ असं सर्रास ऐकायला मिळतं. त्यात तथ्यही आहे. म्हशीच्या सडाचं तोंड घट्ट असतं, तिथले स्नायू जाड असतात आणि आतली नळी गाईच्या दुप्पट-तिप्पट लांब असते. जंतूंना आत शिरायला वाट अवघड. पण याच भरवशावर आपण गाफील राहतो. दार कितीही भक्कम असलं तरी दिवसातून दोन वेळा आपणच ते उघडतो. धार काढून झाल्यावर सडाचं तोंड लगेच मिटत नाही, पुरतं आवळायला अर्धा तास ते तासभर लागतो. तेवढ्यात म्हैस ओल्या शेणात बसली किंवा डबक्यात उतरली, तर जंतूंना यापेक्षा सोपी वाट नको.

म्हणून या हंगामात बाकी काही जमलं नाही तरी हे एक करा. वैरण धारेच्या आधी टाकू नका, धार संपल्यावर टाका. म्हैस गव्हाणीला तोंड लावून उभी राहील आणि तो अर्धा तास आपोआप निघून जाईल. डुंबायला सोडायची तर त्यानंतरच. म्हशीला घामाच्या ग्रंथी कमी, तिला पाणी लागतंच, त्यामुळे डुंबणं बंद करा असं कुणी सांगितलं तरी ते चालणार नाही. वेळ तेवढी बदला. डुंबून आलेली म्हैस मात्र लगेच धारेला घेऊ नका. अंगावरून ओघळणारं गढूळ पाणी सडावरून थेट बादलीत येतं. आधी ती निथळू द्या.

धार संपताच प्रत्येक सड औषधात बुडवायचा, त्यासाठी अर्धा टक्का आयोडीनचं तयार द्रावण मिळतं. छोट्या कपात घेऊन सड निम्म्याहून वर बुडाला पाहिजे, नुसतं टोक ओलं करून उपयोग नाही. कपात शेण किंवा दूध पडलं की द्रावण निकामी होतं, तेव्हा फेकून नवीन घ्या. उरलेलं परत बाटलीत ओतू नका. पारडू शेवटी पाजायची पद्धत असेल तर पाजून झाल्यावर बुडवा.

आता धारेविषयी. म्हशीच्या सडाजवळच्या पोकळीत साठलेलं दूध फार थोडं, सुमारे 5 टक्के. बाकीचं वर ग्रंथींत असतं आणि पान्हा आल्याशिवाय उतरत नाही. त्याला मिनिट-दोन मिनिटं लागतात, काही म्हशींना त्याहून जास्त. ज्याला घाई असते तो रिकामा सड ओढत बसतो, मग अंगठा मुडपून जोर लावतो. सडाच्या आतल्या अस्तराला यात जखमा होतात, आणि जखमेत जंतू ठाण मांडतात. पूर्ण मुठीने धार काढा, हात कोरडे ठेवा. दुधात बोटं बुडवून सड ओले करायची सवय तर आजच सोडा. एका म्हशीचे जंतू दुसरीला पोहोचवण्याची ती हमखास युक्ती आहे. पान्ह्यासाठी रोज इंजेक्शन टोचणं हाही उपाय नव्हे. म्हशीला त्याची सवय लागते आणि पुढे ती इंजेक्शनाशिवाय पान्हवतच नाही.

कास धुण्यातही एक चूक फार होते. बादलीभर पाणी कासेवर ओतलं की वरची घाण खाली सडाच्या टोकाशी जमते. फक्त सड धुवा आणि पुसून कोरडे करा. प्रत्येक म्हशीला वेगळं फडकं वापरा, धुऊन उन्हात वाळवा, ऊन नसेल तर उकळत्या पाण्यातून काढा. पावसाळ्यात विहिरीचं पाणी गढूळ होतं. ते निर्जंतुक न करता सड धुतले तर धुण्यानेच जंतू लावल्यासारखं होतं.

जंतू कोणता, याने काय फरक पडतो? बराच पडतो. स्टॅफिलोकोकस ऑरियस आणि स्ट्रेप्टोकोकस अ‍ॅगॅलॅक्टी हे म्हशीकडून म्हशीकडे जातात, आपल्या हातांनी, फडक्याने, दूधयंत्राच्या कपांनी. त्यातला दुसरा पेनिसिलीनने सहसा आटोक्यात येतो. पहिला मात्र हट्टी. तो कासेच्या आत गाठी करून लपतो, औषध तिथवर पोहोचत नाही. म्हैस बरी झालीशी वाटते आणि महिन्याभराने तोच सड पुन्हा सुजतो. ई. कोलाय, क्लेब्सिएला, स्ट्रेप्टोकोकस युबेरिस हे शेणात, चिखलात, ओल्या भुश्यात वाढतात. पावसाळ्यात भीती यांची जास्त. ई. कोलायची दगडी तर काही तासांत म्हैस आडवी करते: ताप, चारा बंद, कास गरम आणि दूध पाण्यासारखं. अशा वेळी ‘सकाळी बघू’ म्हणू नका. सड थंड आणि निळा-काळा पडू लागला तर सड गेला म्हणायचाच, तिथे म्हशीचा जीव वाचवण्याची घाई करावी लागते.

सूज दिसते ती दगडी सगळ्यांना कळते. खरं नुकसान न दिसणारी करते. कास मऊ, दूध पांढरं, म्हैस खाते-पिते, फक्त दूध हळूहळू कमी होतं आणि थोडं खारट लागतं. ती पकडायला घरचा साबणचुराही पुरतो. अर्ध्या लिटर पाण्यात 15 ग्रॅम चुरा विरघळवा. चार वाट्यांत चार सडांचं थोडं-थोडं दूध वेगवेगळं घ्या, प्रत्येकात तेवढंच द्रावण घालून वाटी गोल फिरवा. पातळच राहिलं तर सड ठीक. शेंबडासारखा घट्टपणा आला तर त्या सडात गडबड आहे. दुधात उतरलेल्या पेशी साबणाने फुटतात, म्हणून ते घट्ट होतं. नुकतीच व्यायलेली म्हैस पहिल्या आठवड्यात तपासू नका, चिकामुळे चाचणी फसवते. आटत आलेल्या म्हशीतही तसंच. हा हंगाम संपेपर्यंत दर पंधरवड्याला चाचणी करा. शिवाय रोज पहिल्या तीन-चार धारा काळ्या भांड्यात काढून गुठळ्या बघा. जमिनीवर किंवा तळहातावर काढू नका.

ज्या म्हशीत दोष सापडला तिची धार सगळ्यांच्या शेवटी काढा. वासरांना ते दूध पाजू नका, गोठ्यात ओतू नका.

उपचार पशुवैद्यकावर सोडा, पण दोन गोष्टी तुमच्या हातात आहेत. पहिली, प्रतिजैविक सुरू करण्याआधी दुधाचा नमुना स्वच्छ बाटलीत काढून ठेवा. नंतर काढला तर जंतू सापडत नाही आणि औषध अंदाजाने बदलत बसावं लागतं. दुसरी, दिलेला कोर्स अर्ध्यात थांबवू नका. दुसऱ्या दिवशी सूज उतरली म्हणून सडात सोडायच्या औषधाच्या उरलेल्या ट्यूब पुढच्या वेळेसाठी फडताळात ठेवणारे मी खूप पाहिले, एकेकाळी मीही त्यातलाच. त्याची किंमत एका चांगल्या म्हशीच्या सडाने मोजली. ट्यूब चढवताना सडाचं टोक स्पिरिटच्या बोळ्याने पुसा. पुसताना आधी पलीकडचे सड, औषध सोडताना आधी अलीकडचे, म्हणजे पुसलेल्या सडाला बाही लागत नाही. नळी पूर्ण आत खुपसायची गरज नाही, तीन-चार मिलिमीटर पुरे. औषधाच्या वेष्टनावर लिहिलेले दिवस संपेपर्यंत ते दूध विकू नका. लेप लावायचा असेल तर लावा, पण डॉक्टरला फोन करून मग.

विण्याआधी साधारण दोन महिने म्हैस आटवायची असते. आटवल्यानंतरचे पहिले दोन आठवडे आणि विण्याआधीचे शेवटचे दोन आठवडे या काळात नवी लागण सगळ्यात जास्त होते. आपण मात्र भाकड म्हशीला कोपऱ्यातल्या सगळ्यात ओल्या जागी बांधतो, कारण ती दूध देत नाही! तिला उलट कोरडी जागा द्या. शेवटच्या धारेनंतर सडात भाकड काळाची ट्यूब सोडायची की नाही, हे आधीच्या चाचण्या दाखवून डॉक्टरांशी ठरवा. ज्या म्हशीला वर्षभरात दगडी झाली, तिला ती सोडावीच असं माझं मत. विण्याच्या महिन्याभर आधी खनिज मिश्रणात सेलेनियम आणि ई जीवनसत्त्व आहे ना, एवढं पिशवीवर वाचा.

जमिनीचं म्हणाल तर, गोठ्याचा उतार मुताच्या नालीकडे नीट आहे का ते आत्ताच पाहा, जोराचा पाऊस सुरू झाल्यावर खणता येत नाही. म्हशी उठल्या की बसायच्या जागेवर चुन्याची भुकटी भुरभुरा, थर देऊ नका, सड भाजतात. ओला भुसा घालण्यापेक्षा वाळू बरी, तिच्यात जंतूंना खायला काही नसतं. आणि वाळूही मागच्या बाजूने रोज ओढून काढावी लागते, कारण शेण तिथेच पडतं.