सी भाषेत वाढणारी यादी कशी बांधायची

डिप्लोमाच्या प्रॅक्टिकलला मार्कांचा प्रोग्रॅम ठरलेलाच असतो आणि निम्म्या जर्नलांत सुरुवातही ठरलेली: शंभर घरांचा इंटिजर अ‍ॅरे, म्हणजे पूर्णांकांची सलग रांग. ओरलला एक्स्टर्नल विचारतात, "एकशे एकावा आला तर?" पोरं म्हणतात, "सर, हजाराचा करू." मग तीस मार्कांसाठी हजार घरं अडवायची, आणि एक हजार एकावा आला की पुन्हा तेच.

वाढणारी यादी म्हटलं की लगेच लिंक्ड लिस्टकडे, म्हणजे प्रत्येक आकड्यासोबत पुढच्याचा पत्ता ठेवणाऱ्या सुट्या नोडांच्या साखळीकडे, धावू नका. ६४-बिट मशीनवर चार बाइटांच्या एका आकड्यामागे नोडला साधारण १६ बाइट जातात, शिवाय पाचशेवा आकडा हवा तर पहिल्यापासून चालत जायचं. आपल्याला सलग अ‍ॅरेच हवा, फक्त गरजेप्रमाणे मोठा होणारा.

स्ट्रक्चरमध्ये तीनच गोष्टी ठेवा: डेटाचा पॉइंटर (म्हणजे पत्ता), लांबी आणि क्षमता. लांबी म्हणजे आत्ता किती भरलेत, क्षमता म्हणजे किती मावतील. या दोन्ही साइझ-टी प्रकारच्या, म्हणजे आकार मोजायचा सीमधला बिनऋण पूर्णांक. सुरुवातीला पॉइंटर नल (कुठलाच पत्ता नाही), बाकी दोन्ही शून्य. मेमरी मागायची ती मॅलॉकनं, घेतलेल्या तुकड्याचा आकार बदलायचा तो रिअ‍ॅलॉकनं. रिअ‍ॅलॉकला नल दिला तर तो मॅलॉकसारखाच वागतो, त्यामुळे पहिल्या वेळेसाठी वेगळा कोड लागत नाही.

आता आकडा घालणारं फंक्शन. त्याला स्ट्रक्चरचा पॉइंटर द्या. नुसतं स्ट्रक्चर दिलंत तर आतली कॉपी वाढते आणि बाहेरची यादी होती तशीच राहते. लांबी क्षमतेइतकी झाली की जागा वाढवायची: क्षमता शून्य असेल तर चार, नाहीतर दुप्पट. एकेकानं का नको? हजार आकडे घालताना ४ पासून १०२४ पर्यंत जायला आठ वेळा दुप्पट करावं लागतं. प्रत्येक वेळी सगळं उचलून दुसरीकडे न्यावं लागलं, तरी एकूण १०२० आकडे हलतात. एकेक घर वाढवलंत तर वाईटात वाईट ४,९९,५००. पायथॉनची लिस्ट आतून अशीच आहे, फक्त ती साधारण एक अष्टमांशानं वाढते, मेमरी वाचावी म्हणून. आपल्याला दुप्पट पुरे.

सगळी गंमत रिअ‍ॅलॉकच्या एका ओळीत आहे. त्यानं दिलेला पत्ता थेट डेटामध्ये टाकू नका. मेमरी मिळाली नाही तर तो नल देतो, पण जुना तुकडा तसाच जिवंत असतो. डेटामध्ये नल गेला की त्या तुकड्याचा पत्ताच हरवला. आधी तात्पुरत्या पॉइंटरमध्ये घ्या, नल नाही ना ते बघा, मगच डेटा आणि क्षमता बदला. नल आला तर शून्य, म्हणजे 'जमलं नाही', परत करा. जुनी यादी शाबूत राहते.

दुसरं, आकार देताना क्षमतेला साइझऑफनं, म्हणजे एका घटकाच्या बाइटांनी, गुणायला विसरू नका. हा बग फार लबाड आहे. आठ इंटिजरना ३२ बाइट लागतात, तुम्ही मागता ८. लिनक्सवर ६४-बिट ग्लिबसी (तिथली सीची लायब्ररी) कमीत कमी २४ बाइट वापरायला देतंच, त्यामुळे पहिले सहा आकडे निमूट बसतात. सातवा पुढच्या तुकड्याच्या हिशेबावर जाऊन पडतो, आणि प्रोग्रॅम कोसळतो तो भलत्याच ओळीवर. पाच आकड्यांची टेस्ट घेऊन खूश होणाऱ्यांना हे दिसतच नाही.

रिअ‍ॅलॉकनंतर यादी नव्या पत्त्यावर गेलेली असू शकते. एखाद्या घटकाचा पत्ता आधी काढून ठेवला असेल तर तो बाद समजा. इंडेक्स जपा, पत्ता नको.

मधला आकडा काढायचा तर पुढचे सगळे मेमरीतला भाग हलवणाऱ्या मेममूव्हनं एक घर मागे आणा. मेमकॉपी नको, कारण इथे जुनी आणि नवी जागा एकमेकांवर येतात. क्रमाची पर्वा नसेल तर शेवटचाच उचलून मोकळ्या जागी ठेवा. दोन्हीकडे लांबी एकनं कमी करा.

शेवटी मेमरी फ्रीनं परत करा, पॉइंटर नल, लांबी-क्षमता शून्य. मग जीसीसी या कंपायलरला अ‍ॅड्रेस सॅनिटायझरचा (मेमरीतल्या चुका पकडणाऱ्या तपासनिसाचा) पर्याय देऊन कंपाइल करा आणि हजार आकडे घालून चालवा. साइझऑफ राहिला असेल तर कुठलं फंक्शन हद्दीबाहेर लिहितंय ते तो तिथेच दाखवतो. ओळ क्रमांक हवा तर डीबगचा पर्यायही सोबत द्या.