रिट्रान्सफर प्रिंटरवर ओळखपत्र छापताना

चिप असलेलं ओळखपत्र अगदी कडेपर्यंत स्वच्छ छापायचं असेल, तर रिट्रान्सफर प्रिंटरच वापरा. यात हेड, म्हणजे रंग उमटवणारा तापणारा भाग, कार्डाला टेकतच नाही. चित्र आधी पारदर्शक फिल्मवर उलटं उमटतं, मग तापलेला रोलर ती फिल्म कार्डावर दाबून रंगाचा थर चिकटवतो. त्यामुळे चिपभोवतीच्या उंचसखलपणाचा हेडला त्रास नाही.

कार्ड ८५.६ × ५४ मिमी. डिझाइन चारही बाजूंनी साधारण १ मिमी जास्त ठेवा. बारकोड फक्त रिबनच्या (रंगाच्या पट्टीच्या) काळ्या पॅनेलने, म्हणजे काळ्या रंगाच्या भागाने छापा. तीन रंगांतून झालेला काळा इन्फ्रारेड स्कॅनर अनेकदा वाचत नाही. कार्ड कडेनेच धरा. बोटाचं तेल लागलं तिथे थर धरत नाही.

खरी मेख रोलरच्या तापमानात आहे. प्रिंटरच्या पुस्तिकेतल्या आकड्यापासून सुरुवात करा. पीव्हीसीसाठी तो बहुधा १७५ अंश सेल्सियसच्या आसपास असतो. कार्ड थंड झाल्यावर कोपऱ्याला चिकटपट्टी लावून झटक्यात ओढा. रंग सुटला तर ५ अंश वाढवा किंवा वेग कमी करा, दोन्ही एकदम नको. कार्ड वाकलं तर उष्णता जास्त झाली.

पांढरे ठिपके जागा बदलत असतील तर धूळ. दर कार्डावर त्याच जागी असतील तर रोलर पुसा. सरळ पांढरी रेघ आली तर थंड हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. तरी राहिली तर हेड गेलं.

वापरलेल्या रिबनवर लोकांची नावं, फोटो वाचता येतात. रोल कापूनच टाका.