गिमिक निवडताना: दातांच्या डॉक्टरापासून केनपर्यंत

प्रो रेसलिंगमध्ये पुढं जायचंय? मग गिमिक, म्हणजे रिंगमधलं सोंग, पारखून घ्या. अंग कमावलेले पैशाला पासरी मिळतात.

माझी पहिली चाचणी म्हणजे टीव्हीचा आवाज बंद करणं. 1990 च्या सर्व्हायव्हर सिरीज या कुस्तीच्या कार्यक्रमातलं अंडरटेकरचं, म्हणजे मढी पुरणाऱ्याचं सोंग घेतलेल्या पैलवानाचं, पदार्पण असंच बघा. काळी हॅट, लांब कोट, राखाडी हातमोजे, संथ चाल. निवेदक लागतोच कशाला?

कंपनीनं दिलेलं सोंग मुकाट्यानं करा, पण त्यात अडकू नका. ग्लेन जेकब्स या पैलवानाला 1995 मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफनं (आजची डब्ल्यूडब्ल्यूई कंपनी) चक्क दातांचा डॉक्टर केला. एवढ्या धिप्पाड गड्याला दात काढायला लावायची कल्पना कुणाची, देव जाणे! पुढं तो नकली डिझेल झाला, म्हणजे कंपनी सोडून गेलेल्या डिझेल नावाच्या पैलवानाची नक्कल, तेही आपटलं. ऑक्टोबर 1997 मध्ये मात्र लाल-काळ्या मास्कमध्ये केन म्हणून आला, हेल इन अ सेल या पिंजऱ्यातल्या कुस्तीत पिंजऱ्याचं दार उखडलं आणि थेट अंडरटेकरसमोर उभा ठाकला. तोच माणूस, तीच उंची. फक्त सोंग अंगाला बसलं.

लोक शिव्या घालत असतील तर त्याच वापरा. हसऱ्या, गुणी रॉकी मैवियाला पब्लिक 'डाय, रॉकी, डाय' म्हणायचं. 1997 मध्ये तो खलनायक झाला, त्याच लोकांवर डाफरला आणि 'द रॉक' घडला.

आणि बोलायचा सराव रोज. जे मुळात येतं तेच वाढवा. जॉन सीनाच्या रॅपरच्या सोंगातलं रॅप त्याचं स्वतःचंच होतं. पोशाख शिवायला मात्र घाई नको, शिंप्याचे पैसे परत मिळत नाहीत.