हाय-स्पीड एडीसीला डिफरन्शियल अ‍ॅम्प्लिफायरने सिग्नल कसा पुरवावा

एडीसीला, म्हणजे सिग्नल अंकांत बदलणाऱ्या कन्व्हर्टरला, सिग्नल पुरवताना त्यातला डीसी (स्थिर) भाग नको असेल आणि गेनचीही (सिग्नल वाढवण्याची) गरज नसेल, तर हा लेख बाजूला ठेवून ट्रान्सफॉर्मर लावावा. तो स्वतःचा म्हणण्याजोगा नॉइज मिसळत नाही आणि वीजही खात नाही. डीसीपासूनचा सिग्नल हवा असेल किंवा तो वाढवायचा असेल, तेव्हाच पूर्ण डिफरन्शियल अ‍ॅम्प्लिफायरला, म्हणजे एकमेकांच्या उलट हलणारी दोन आउटपुटे देणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरला, हात घालावा. पुढची सर्व उदाहरणे १४ बिट, १०० मेगासॅम्पल प्रतिसेकंद, २ व्होल्ट पीक-टू-पीक इनपुट आणि ०.९ व्होल्ट कॉमन-मोड (दोन्ही तारांचे सरासरी व्होल्टेज) असलेल्या कन्व्हर्टरसाठी आहेत.

पहिली पायरी कॉमन-मोडची. कन्व्हर्टरची कॉमन-मोड पिन अ‍ॅम्प्लिफायरच्या आउटपुट कॉमन-मोड पिनला जोडावी आणि त्या पिनलगत ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ग्राउंडला द्यावा. प्रत्येक आउटपुट ०.४ ते १.४ व्होल्टमध्ये फिरेल. निवडलेल्या सप्लायवर अ‍ॅम्प्लिफायरला ते विकृतीशिवाय जमते का, हे डेटाशीटमधील आलेखावर पाहावे, पहिल्या पानावरच्या ठळक अक्षरांवर विसंबू नये.

दुसरी पायरी रेझिस्टरांची, आणि बहुतेक बोर्ड इथेच बिघडतात. ‘दोन्ही बाजूंना सारखेच रेझिस्टर लावा, एका इनपुटला सिग्नल द्या, दुसरे ग्राउंड करा, बाकीचे अ‍ॅम्प्लिफायर पाहून घेईल’ हा सल्ला मी इतक्यांदा ऐकला आहे की आता तो देणाऱ्याने कधी स्पेक्ट्रम मोजला आहे का, अशी शंका येते. सिग्नल एकाच बाजूने येतो तेव्हा अ‍ॅम्प्लिफायरचे दोन्ही इनपुट एकमेकांबरोबर राहतात, पण स्थिर राहत नाहीत. ते सिग्नलच्याच दिशेने थोडे सरकतात, त्यामुळे गेन रेझिस्टरमधून (सिग्नल आणि अ‍ॅम्प्लिफायरचे इनपुट यांच्यामधला) अपेक्षेपेक्षा कमी प्रवाह वाहतो आणि इनपुटचा रोध मोठा भासतो. गेन आणि फीडबॅक (आउटपुटवरून इनपुटकडे परत येणारा) रेझिस्टर दोन्ही २०० ओहमचे घेतले, तर तो २०० नव्हे, सुमारे २६७ ओहम येतो. म्हणून ५० ओहमच्या सोर्सशी मेळ घालायला इनपुटवर ग्राउंडला ६१.५ ओहम लागतात. ऑप-अ‍ॅम्पच्या सवयीने २०० धरून ६६.५ लावणाऱ्यांची संख्या कमी नाही.

काम एवढ्यावर संपत नाही. सोर्सचे ५० आणि हे ६१.५ ओहम समांतर धरले की सिग्नलच्या बाजूच्या गेन रेझिस्टरमागे २७.६ ओहमची भर पडते. दुसरी बाजू थेट ग्राउंडला असल्याने तिथे अशी भर नसते. दोन्ही बाजूंचे फीडबॅक गुणोत्तर (आउटपुटचा इनपुटकडे परतणारा अंश) मग वेगळे होते, आणि कॉमन-मोड व्होल्टेजचा काही अंश डिफरन्शियल सिग्नल बनून बाहेर पडतो. माझ्या सुरुवातीच्या एका बोर्डावर इनपुट शून्य असताना कन्व्हर्टरचे आउटपुट ४६० कोडने (त्याच्या सर्वांत लहान पायऱ्यांनी) सरकलेले दिसत असे. मी कन्व्हर्टरला दोष दिला, तो दोनदा बदलला, संदर्भ व्होल्टेज तपासले. शेवटी कागदावर आकडेमोड केली तेव्हा ०.९ व्होल्टचे सुमारे ५६ मिलिव्होल्ट याच असमतोलातून येत असल्याचे दिसले, आणि १२२ मायक्रोव्होल्टच्या एका कोडने भागले की तेच ४६० मिळतात. केवळ ऑफसेट असता तर सॉफ्टवेअरमध्ये वजा करता आला असता. पण त्याच वाटेने कॉमन-मोड पिनवरचा नॉइजही आत येतो, आणि तो वजा करता येत नाही.

उपाय एका रेझिस्टरचा आहे: ग्राउंड केलेल्या बाजूच्या २०० ओहमशी मालिकेत २७.६ ओहम जोडावेत. यामुळे गेन थोडा घटतो, म्हणून दोन्ही फीडबॅक रेझिस्टर सुमारे २०६ ओहमपर्यंत वाढवावेत. नव्या आकड्यांनी हिशेब पुन्हा केला, तर इनपुटचा रोध दीड टक्क्यानेच हलतो. तिसऱ्या फेरीची गरज पडत नाही. बाजारात मिळणारी जवळची मूल्ये चालतील, मात्र दोन्ही बाजूंना तीच हवीत, आणि एक टक्का टॉलरन्सपेक्षा सैल रेझिस्टर इथे वापरू नयेत.

तिसरी पायरी अ‍ॅम्प्लिफायर आणि कन्व्हर्टर यांच्यामधल्या जाळ्याची. सॅम्पलिंग कपॅसिटर जोडला जाताना तो प्रत्येक वेळी मागे विद्युतभाराचा धक्का देतो, आणि तो अर्ध्या चक्रात, म्हणजे ५ नॅनोसेकंदांत, विरायला हवा. १४ बिटच्या अर्ध्या कोडपर्यंत स्थिरावायला सुमारे १०.४ टाइम-कॉन्स्टंट (रोध गुणिले कपॅसिटन्स) लागतात, तेव्हा एकाची मर्यादा ०.४८ नॅनोसेकंद. प्रत्येक बाजूला २५ ओहम आणि दोन्ही तारांमध्ये ८.२ पिकोफॅरड लावले की ०.४१ नॅनोसेकंद मिळतात. कपॅसिटर दोन तारांमध्ये असल्याने रोध २५ नव्हे, ५० धरायचा, ही चूक मी अनुभवी लोकांनाही करताना पाहिले आहे.

हे जाळे ३८८ मेगाहर्ट्झपर्यंत उघडे असल्यामुळे नॉइज मात्र अडत नाही. अ‍ॅम्प्लिफायरच्या आउटपुटवर प्रति वर्गमूळ-हर्ट्झ ५ नॅनोव्होल्ट नॉइज असेल, तर ७४ डेसिबल सिग्नल-टू-नॉइज गुणोत्तराच्या कन्व्हर्टरचे जवळपास अडीच डेसिबल वाया जातात. म्हणून या जाळ्याच्या आधी ४५ मेगाहर्ट्झच्या आसपास तोडणारा अनेक-ध्रुवी (तीव्र उताराचा) फिल्टर घालावा आणि त्याचा शेवट रेझिस्टरने करावा. मग नुकसान पाव डेसिबलवर येते.

लेआउट पूर्ण सममित ठेवावा, फीडबॅकच्या रेघा शक्य तितक्या आखूड असाव्यात, आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या इनपुट पिनांखालचा ग्राउंड प्लेन काढून टाकावा.

मोजताना जनरेटरनंतर बँडपास फिल्टर लावावा, अन्यथा जनरेटरचेच हार्मोनिक (मूळ वारंवारतेच्या पटीतले विकृतीचे घटक) मोजले जातील. दुसरा हार्मोनिक तिसऱ्यापेक्षा उंच दिसला, तर अ‍ॅम्प्लिफायर बदलण्याआधी दोन्ही बाजूंचे रेझिस्टर आणि रेघांची लांबी पुन्हा ताडून पाहावी.