नळ गोठला? आधी तो उघडा ठेवा : हिवाळ्यातल्या या चुका टाळा

३० जानेवारी २०१९ ची सकाळ शिकागो परिसरात राहणारं कुणी विसरणार नाही. ओहेअर विमानतळावर पारा उणे २३ फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे सुमारे उणे ३१ सेल्सिअसपर्यंत उतरला होता. मी चहाचं पातेलं नळाखाली धरलं आणि नळ नुसताच फुसफुसला. पाणी नाही म्हणून मी तो घट्ट बंद केला. नेमकं तेच करायचं नव्हतं.

पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं, हे शाळेत शिकलेलं असतं. त्यामुळे बर्फच पाइपला फाडतो असं वाटतं. पण बहुतेक वेळा पाइप फुटतो तो बर्फ आणि बंद नळ यांच्या मधे. बर्फाचा बोळा वाढत जातो, पुढचं पाणी नळाकडे रेटत राहतो. पाण्याला जायला वाट नसते, दाब चढत जातो आणि जिथे कच्चं असेल तिथे पाइप चिरतो. ती जागा गोठलेल्या भागापासून लांब, चांगल्या उबदार ठिकाणीही असू शकते. नळ उघडा असला की हा दाब सुटतो.

म्हणून पारा २० फॅरनहाइटच्या खाली जाणार असेल, तर बाहेरच्या भिंतीलगतचे नळ रात्रभर ठिबकत ठेवा. गरम आणि गार, दोन्ही बाजू. एका दांडीचा नळ असेल तर दांडी मध्यावर. पाण्याच्या टँकरमागे धावलेल्या घरातून आलेल्या माणसाला हे जिवावर येतं, मला अजून येतं. तरीही ठेवा. आणि मध्यरात्री ठिबकणं थांबलं, तर ‘बरं झालं’ म्हणून नळ बंद करू नका. पाइप गोठायला लागल्याची ती खूण असू शकते.

आमच्या सिंकखालच्या कपाटात पिशव्यांची पिशवी, तांदळाची गोणी, रिकामे डबे असं सगळं ठासून भरलेलं होतं. दार बंद. घरातली ऊब पाइपपर्यंत पोचणार कशी? आता थंडीची लाट आली की कपाट रिकामं करून दारं सताड उघडी ठेवतो. पाइपला फोम गुंडाळला म्हणजे काम झालं, असंही नाही. फोम ऊब टिकवतो, तयार करत नाही. गॅसचं बिल वाचवायला रात्री थर्मोस्टॅट खूप खाली आणू नका.

आता गोठलेला पाइप सोडवायचा कसा. सर्वांत आधी मेन व्हॉल्व्ह, म्हणजे अख्ख्या घराचं पाणी बंद करणारी तोटी, कुठे आहे ते बघून घ्या. फुटलेला पाइप गोठलेला असेपर्यंत गळत नाही. बर्फच बूच होऊन बसलेला असतो. वितळला की पाणी धो धो. दांडीचा व्हॉल्व्ह पाइपला आडवा केला की बंद होतो, गोल चाकाचा उजवीकडे फिरवून.

मग नळ उघडा आणि हेअर ड्रायरची ऊब नळाच्या बाजूने सुरू करून हळूहळू आत सरका, म्हणजे वितळलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट राहते. गरम पाण्यात पिळलेला टॉवेलही चालतो. जमिनीवर पाणी साचलं असेल तर ड्रायर हातात घेऊ नका. ब्लोटॉर्च किंवा कुठलीही ज्योत तर अजिबात नको : इथल्या घरांच्या लाकडी भिंतींना आतून आग लागते आणि बाहेरून कळतही नाही. उकळतं पाणी ओतलं तर प्लास्टिकचा पाइप तडकू शकतो. धार सुरू झाल्यावर कोरडा टिश्यू पाइपवरून, विशेषतः सांध्यांवरून फिरवा. केसाएवढी चीर डोळ्यांना दिसत नाही, पण टिश्यू ओला होतो. पाइप भिंतीच्या आत गोठला असेल तर सरळ प्लंबर बोलवा.

बागेची नळी बाहेरच्या नळाला लावलेली राहते, हीसुद्धा नेहमीची चूक. नळीमुळे पाणी आत अडकतं आणि न गोठणारा म्हणून विकलेला नळही फुटतो. थंडी सुरू होण्याआधी नळी काढा.

डिसेंबरात भारतात जाणाऱ्यांनी हीटर पूर्ण बंद करून जाऊ नये. किमान ५५ फॅरनहाइटवर ठेवावा. घर गरम ठेवलं नव्हतं म्हणून विम्याचा दावा नाकारला जाऊ शकतो. मेन व्हॉल्व्ह बंद करा, मग सगळ्यांत वरच्या आणि सगळ्यांत खालच्या मजल्यावरचे नळ उघडून पाइप रिकामे होऊ द्या. घरात आग विझवणारे फवारे (स्प्रिंकलर) किंवा पाण्यावर चालणारी हीटिंग असेल, तर त्याआधी जाणकाराला विचारा. किल्ली शेजाऱ्यांकडे द्याल तेव्हा त्यांना बेसमेंटमध्ये नेऊन व्हॉल्व्हही दाखवा.