किडनी रिसर्चमध्ये जायचंय? मग हे बघा

खानापूर-निपाणीकडची पोरं विचारतात म्हणून सांगतो, आधी नीटची प्रवेश परीक्षा देऊन एमबीबीएस, इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं, मग एमडी मेडिसिन तीन, त्यावर डीएम नेफ्रॉलॉजी, म्हणजे किडनीच्या आजारांचं शिक्षण, अजून तीन, धीर पाहिजेच की. ऑपरेशनच करायचं तर एमएस सर्जरी, मग एमसीएच युरॉलॉजी, म्हणजे किडनी-मूत्रमार्गाची सर्जरी.

पण रिसर्चची खरी मजा ट्रान्सप्लांटनंतर, शरीरानं नवी किडनी नाकारू नये म्हणून देतात ते टॅक्रोलिमस औषध कमी पडलं तर शरीर ती नाकारतं आणि जास्त झालं तर तेच औषध किडनी खराब करतं, हा घोळ सोडवायचाय. १९५४ला बोस्टनमध्ये पहिलं यशस्वी ट्रान्सप्लांट एकसारख्या जुळ्या भावांत झालं, तिथं शरीर भावाची किडनी परकी मानत नाही, म्हणून ही भानगडच नव्हती.

एमडीचा थिसिस यातलाच घ्या. बेळगावात मराठी चालते, तरी कन्नड शिकाच, संमतीचा फॉर्म पेशंटला त्याच्या भाषेत कळायला हवा. एथिक्स कमिटीच्या मंजुरीआधी एक सँपलपण घेऊ नका.